घावन बिघडतं ते तव्यावर

घावनांचा बेत ठरला की घरात एक हिशेब आपोआप मांडला जातो. एका घावनाला तव्यावर अडीच ते तीन मिनिटं लागतात. घरात 8 माणसं आणि प्रत्येकाला 3, म्हणजे 24 घावनं. तवा एकच असेल तर सव्वा तास त्यातच जातो. घावन गार झालं की वातड होतं, त्यामुळे आधी करून ठेवायचीही सोय नाही. बाकीचे एकेक करून गरमगरम खाऊन उठतात आणि तव्यापुढे उभी असलेली व्यक्ती, बहुतेक घरांत बाईच, शेवटची दोन स्वतःसाठी घालते. आंबोळी, धिरडं, थालीपीठ, सगळ्यांचं असंच.

तवा मोठा केला तर हा प्रश्न सुटतो. मोठा तवा स्वयंपाकघरात मावत नाही, म्हणून तो बाहेर न्यावा लागतो. डोशाच्या आणि पावभाजीच्या गाड्यांवर असा तवा आपण रोज बघतो. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात प्रोपेनवर चालणारी सपाट पोलादी शेगडी दिसते, ती याच जातीची. सुमारे 90 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद पत्रा, खाली तीन-चार बर्नर. त्यावर वीतभर घावनं एका वेळी आठ मावतात. चोवीस घावनं तीन घाण्यांत होतात.

पण असा तवा पहिल्यांदा वापरणाऱ्याची हमखास फजिती होते. मधलं घावन करपतं, कडेचं चिकटतं, एखादं घसरत टोकाला जाऊन बसतं, आणि जाळी कुठेच पडत नाही. मग पिठाला दोष दिला जातो. कोणी पाणी वाढवतं, कोणी मूठभर रवा घालतं, कोणी तांदूळच नवा होता म्हणून मोकळं होतं. पीठ मात्र तेच असतं, जे काल घरातल्या छोट्या तव्यावर छान झालं होतं. बदललेला असतो तो तवा. घावन-आंबोळीत पिठाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, वाटा तव्याच्या तापाचा असतो. मोठ्या तव्यावर हा ताप जागोजागी वेगळा असतो, आणि तो ओळखता आला की उरलेलं काम सोपं आहे.

तव्यात साठलेली उष्णता

एका मध्यम घावनाला साधारण 80 ग्रॅम पीठ लागतं. त्यात 55 ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं. हे मिश्रण उकळीच्या तापमानापर्यंत न्यायला सुमारे 20 किलोज्यूल उष्णता लागते. खरा खर्च पुढे आहे. पाण्याची वाफ व्हायला दर ग्रॅमला जवळजवळ 2.26 किलोज्यूल लागतात. घावन होईपर्यंत निम्म्याहून थोडं कमी पाणी उडालं तरी आणखी 55-60 किलोज्यूल गेले. म्हणजे एका पातळ, पांढऱ्या, हलक्या घावनापायी 75 किलोज्यूलच्या आसपास उष्णता जाते.

ही उष्णता अडीच मिनिटांत मिळून चालते असं वाटेल, पण घावनाचं भवितव्य पहिल्या काही सेकंदांत ठरतं. तेवढ्या वेळात खालचा जाळ कितीही मोठा असला तरी पुरा पडत नाही. त्या क्षणी कामाला येते ती तव्यात आधीच साठलेली उष्णता. 2 किलोचा बिडाचा तवा 50 अंशांनी उतरला तर 45 किलोज्यूल देतो. अर्धा किलोचा ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा तेवढाच उतरला तर जेमतेम 22-23. ॲल्युमिनियम किलोमागे लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतं हे खरं, पण ते इतकं हलकं असतं की तव्याच्या आकारात त्याचा फायदा उरत नाही. हलक्या तव्यावर पीठ पडलं की तो एकदम गार पडतो. बिडाचा तवा थोडासाच उतरतो आणि पुन्हा चढतो. कोकणात घावनाला बिडाचाच तवा हवा असा आग्रह धरतात तो याच कारणाने.

बिडाचा एक दोषही सांगायला हवा. ॲल्युमिनियममधून उष्णता जितक्या लवकर पसरते, त्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या वेगानेच ती बिडातून पसरते. जाळ जिथे लागतो तिथे तवा लाल व्हायला येतो आणि दोन बोटं पलीकडे तो अजून कोमट असतो. त्यामुळे बिडाचा तवा मंद आचेवर निवांत, दहा मिनिटं तरी तापू द्यावा लागतो. घाईने मोठा जाळ केला तर मध्यभाग करपवणारा आणि कडा चिकटवणाऱ्या, असा तवा मिळतो. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी ओतणंही टाळावं. बीड ठिसूळ असतं, तडकतं.

आता अंगणातल्या पोलादी तव्याकडे वळू. 5 मिलिमीटर जाडीचा वर सांगितलेल्या मापाचा पत्रा 17-18 किलो भरतो. त्याला 200 अंशांपर्यंत न्यायलाच साडेतेराशे किलोज्यूल लागतात, त्यामुळे बर्नर पेटवल्यावर पाच मिनिटांत पळी उचलण्यात अर्थ नाही. आणि एकदम आठ घावनं घातली तर त्यांची मागणी 600 किलोज्यूलची होते. खालचे बर्नर चालू असले तरी तवा काही काळ उतरतोच. जाणता माणूस म्हणून दोन गोष्टी करतो. आठही घावनं एका दमात न घालता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश घालत जातो, आणि दोन घाण्यांच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट तवा रिकामा ठेवतो. शेवटचं घावन घालून होईतो पहिलं झाकण काढायला तयार झालेलं असतं, म्हणजे त्यात वेळही वाया जात नाही.

थेंबाची भाषा

तवा किती तापलाय हे बघायला पाण्याचा थेंब टाकण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. पण थेंब नुसता हो किंवा नाही सांगत नाही, तो तापमानाचा अंदाज देतो. थेंब पडून जागीच राहिला आणि कडेने हळूहळू बुडबुडे आले, तर तवा नुकताच शंभरीपार गेलाय. चुर्र आवाज होऊन तो दोन-तीन क्षणांत उडून गेला, तर तवा साधारण 140 ते 170 अंशांच्या पट्ट्यात आहे. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी तव्यावर पळायला लागली, तर तापमान दोनशेच्या आसपास किंवा वर गेलंय. अशा वेळी थेंबाच्या खालचं पाणी क्षणार्धात वाफ होतं आणि त्या वाफेच्या पातळ गादीवर थेंब तरंगतो. धातू आणि पाणी यांचा स्पर्शच तुटतो, म्हणून इतक्या तापलेल्या तव्यावर थेंब उलट जास्त वेळ टिकतो. जर्मन वैद्य योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट यांनी 1756 साली याचं सविस्तर वर्णन केलं, आणि हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मोठ्या तव्यावर एक थेंब पुरत नाही. दोन्ही टोकं, मध्य, पुढची आणि मागची कड, सगळीकडे पाण्याचा हात शिंपडून बघावा. कुठे गोळ्या पळतात, कुठे चुर्र होतं आणि कुठे नुसतं पाणी पडून राहतं, यावरून तव्याचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतात, तेही उपयोगाचे आहेत. मात्र चकचकीत धातूवर ते चुकीचं, बरंच कमी तापमान दाखवतात. तेल मुरून काळ्या झालेल्या तव्यावर त्यांचं वाचन भरवशाचं असतं.

जाळी कशी पडते

घावनाचं पीठ ताकासारखं पातळ असतं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेलं पीठ, त्यात दुपटीहून थोडं जास्त पाणी, आणि मीठ. आंबवणं नाही, सोडा नाही. तरीही घावनाला नाजूक जाळी पडते, कारण ती वाफेने पडते. तापलेल्या तव्यावर पीठ ओतलं की तळचं पाणी लगेच उकळतं आणि वाफ वर यायला वाट शोधते. त्याच वेळी तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगत असतो. 65 ते 80 अंशांच्या दरम्यान तो घट्ट होतो. वाफ वर येणं आणि पीठ घट्ट होणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, तर वाफेच्या वाटा तशाच गोठून राहतात. ती जाळी.

तवा कमी तापलेला असेल तर पीठ वाफ सुटायच्या आधीच घट्ट होतं. मग सपाट, चिकट, कागदासारखं घावन निघतं, आणि उलथन्याने सोडवताना फाटतं. तवा फारच तापलेला असेल तर थेंबासारखंच पिठाचं होतं. ते वाफेवर उचललं जातं, धार तुटते आणि तुकडे इकडे-तिकडे पळतात. या दोहोंमधला पट्टा अरुंद आहे. थेंबाची गोळी नुकती पळायला लागते त्या सुमारास, म्हणजे 200 अंशांच्या जवळपास, घावन उत्तम होतं.

आंबोळीची जाळी वेगळी. तीन वाट्या जाड तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी भिजवून वाटून रात्रभर ठेवलं की त्यात जिवाणू कामाला लागतात. ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि आंबटपणा आणतात. उडदातला बुळबुळीत अंश हा वायू पिठात धरून ठेवतो. म्हणजे आंबोळीचे बुडबुडे तव्यावर पडण्याआधीच तयार असतात, तव्याला ते फक्त फुगवायचे आणि पक्के करायचे असतात. त्यामुळे आंबोळी 170-180 अंशांवरही सुखाने होते. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून इंजेरा करतात, त्याची जाळीही अशीच, आणि तोही झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात.

झाकणाचं काम अनेकदा दुर्लक्षिलं जातं. झाकणाखाली अडकलेली वाफ घावनाच्या वरच्या गार पृष्ठभागावर पुन्हा पाणी होते आणि उडताना घेतलेली सगळी उष्णता तिथे सोडते. वरची बाजू न उलटता शिजते ती अशी. घरात एखाद्या वेळी झाकणाशिवाय निभावतं, पण अंगणात वारा ही वाफ पळवून नेतो. आठ घावनांना आठ झाकणं नसतात. दोन मोठी परातवजा झाकणं चार-चार घावनांवर पालथी घातली की काम होतं.

घावनाचं पीठ ओतताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. तांदळाचं पीठ पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसतं. दर वेळी तळापासून ढवळून मगच वाटी भरली नाही तर पहिली घावनं नुसती पाणीदार होतात आणि शेवटची जाड, फुटकी. आंबोळीच्या पिठात उडदाचा चिकटपणा कण तरंगत ठेवतो, म्हणून तिथे हा त्रास नाही. आंबोळीचं पीठ तर फार ढवळूही नये, वायू निघून जातो.

कुठे ओतायचं, कुठे पसरायचं

डोशाच्या गाड्यावर थोडा वेळ उभं राहून बघावं. डोसा काढला की तो माणूस तव्यावर पाण्याचा हबका मारतो, वाफेचा लोट उठतो, हिराच्या छोट्या झाडणीने तो ते पाणी तव्यावरून झाडून काढतो, आणि लगेच मध्यभागी पिठाची वाटी रिकामी करून तिच्याच बुडाने पीठ गोल गोल बाहेर नेतो. बघणाऱ्याला वाटतं तो तवा साफ करतोय. साफ होतोच, पण मुख्य हेतू तवा निववण्याचा असतो. हबक्यातल्या 30 मिलिलीटर पाण्याने उडून जाताना जवळजवळ 70 किलोज्यूल उष्णता तव्यातून काढून नेलेली असते. फार तापलेल्या तव्यावर पिठाचा खालचा थर पडताक्षणीच घट्ट होतो. मग वाटी फिरवली की तो थर गोळा होऊन वाटीबरोबर यायला लागतो. पसरायला चार-पाच सेकंद पीठ वाहतं राहायला हवं, आणि त्यासाठी तवा थोडा उतरलेला हवा. पसरून झालं की तो पुन्हा चढतो आणि डोसा कुरकुरीत करतो.

घावनाचं नेमकं उलट. ते पसरायचं नसतंच. वाटीने किंवा हाताने कडेपासून मध्याकडे ओतायचं, राहिलेल्या फटींत थेंब टाकायचे, आणि पुन्हा हात लावायचा नाही. त्याला तापलेला तवाच हवा. म्हणून घावन आणि डोसा एका तव्यावर लागोपाठ करणाऱ्याची एक तरी गोष्ट बिघडते. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात बिलिग नावाच्या जाड बिडाच्या गोल तव्यावर कुट्टूच्या पिठाची गालेत करतात. तिथे पीठ पसरायला रोझेल नावाचं इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं लाकडी हत्यार असतं. त्यांनाही तव्याचा ताप असा धरावा लागतो की पीठ पसरताना वाहतं राहावं आणि पसरून झाल्यावर लगेच पकडावं.

रंगाबद्दलही एक गैरसमज आहे. काही जण घावन सोनेरी व्हायची वाट बघतात आणि करपवतात. पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेने, जी 140 अंशांच्या वर जोर धरते. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये मांडली. तांदळात प्रथिनं कमी आणि सुटी साखर त्याहून कमी. डोशात उडदाची प्रथिनं असतात आणि आंबवताना साखरही सुटी होते, म्हणून डोसा लवकर रंगतो. घावन पांढरंच राहायला हवं. ते झालंय हे रंगावरून न ओळखता सुटलेल्या कडांवरून ओळखावं.

जाडी दुप्पट, वेळ चौपट

थालीपिठाला मंद आच का लागते, याचं उत्तर जाडीत आहे. उष्णता पदार्थात एका बाजूने शिरून आत झिरपत जाते, आणि जाडी दुप्पट झाली की तिला पलीकडे पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. 2 मिलिमीटरचं घावन मोठ्या आचेवर झटपट होतं. 8 मिलिमीटरचं थालीपीठ त्याच आचेवर टाकलं तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहणार. त्याला 150-160 अंश आणि दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटं द्यावी लागतात. बोटाने मध्ये पाडलेल्या भोकांचा उपयोग इथेच होतो. त्यांतून तेल तळाशी जातं, कोंडलेली वाफ बाहेर येते, आणि उष्णतेला आत शिरायला आणखी काठ मिळतात. भाजणीचं पीठ आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे ते आत कच्चट लागण्याची भीती कमी. बेसनाच्या धिरड्याला मात्र ही सूट नाही. त्याचा कच्चा वास जायला ते पातळच घालावं आणि वेळ द्यावा. कांदा, काकडी किंवा कोबी घातलेल्या धिरड्यात मीठ अगदी शेवटी घालावं, कारण मिठाने भाजीला पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात पीठ पातळ होऊन बसतं.

हे समजलं की मोठ्या तव्यावरचा असमान ताप अडचण न वाटता सोय वाटू लागतो. आपल्या चुलीला बाजूला वैल असायचं. चुलीवर जाळ, वैलावर उरलेल्या उष्णतेत दूध किंवा वरण. मोठ्या तव्याचा मध्यभाग म्हणजे चूल आणि कडा म्हणजे वैल, असं समजून मांडणी करावी. जिथे गोळ्या पळतात तिथे घावनं, जिथे चुर्र होतं तिथे आंबोळ्या, त्याच्याही कडेला थालीपिठं. बर्नर वेगवेगळे असतील तर एका टोकाचा मुद्दाम मंद ठेवावा.

अंगणातले तीन शत्रू

पहिला वारा. तो तव्यापेक्षा जाळाचं जास्त नुकसान करतो. ज्योत एका बाजूला झुकते आणि तव्याचा तोच भाग तापतो. मातीच्या चुलीला तिन्ही बाजू बंद असतात त्या उगाच नाहीत. गॅसच्या शेगडीला वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करावा, पण सिलिंडर त्या आडोशाच्या आत कोंडू नये. तो बाजूला, मोकळ्या हवेत आणि नळी ताणली जाणार नाही असा असावा.

दुसरा उतार. अनेक मोठ्या तव्यांना तेल निथळून जावं म्हणून किंचित उतार दिलेला असतो, आणि अंगणही सपाट नसतं. पाव किंवा अंडी भाजताना हा उतार कळतही नाही. घावनाचं ताकासारखं पीठ मात्र तो लगेच दाखवून देतं, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला फाटकं होऊन. तवा तापवण्यापूर्वीच त्यावर दोन चमचे पाणी टाकून ते कुठे वाहतं बघावं आणि पायांखाली फळीचा तुकडा सरकवून तो समतल करावा.

तिसरा शत्रू कच्चं इंधन. लाकडावर करायचं असेल तर ओलं लाकूड धूरच जास्त देतं, कारण त्याची बरीच उष्णता स्वतःतलं पाणी उडवण्यात जाते. तवा तापवायला सुकी बारीक लाकडं आणि नारळाच्या करवंट्या चांगल्या. करवंटीचा जाळ मोठा, पण लवकर संपणारा. ताप टिकवायला मात्र बाभळीसारख्या जड लाकडाचे निखारे हवेत. जाळावर तापवायचं आणि निखाऱ्यांवर करायचं, म्हणजे आच वर-खाली होत नाही. आणि पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी बंद व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये मुळीच आणू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

तवा तयार करणं

नवा बिडाचा किंवा पोलादी तवा आधी घासून त्यावरचं कारखान्यातलं संरक्षक तेल काढावं लागतं. मग तो कोरडा तापवून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, फडक्याने पुसून घ्यायचा, आणि धूर निघून थांबेपर्यंत तापवायचा. असं तीन-चार वेळा केलं की काळी, गुळगुळीत कातडी तयार होते. ती नुसतं लागलेलं तेल नसते. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जाऊन एक टणक थर बनतो. हे काम शेंगदाणा, सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलाने चांगलं होतं. खोबरेल तेलातली जवळजवळ 90 टक्के स्निग्धाम्लं संपृक्त असल्याने ती अशी गुंफली जात नाहीत. घावन खोबरेल तेलावर केलं तर चव उत्तम, पण तवा तयार करायला दुसरं तेल घ्यावं. चिंच, टोमॅटो असं आंबट त्यावर फार वेळ शिजवलं की हा थर सुटतो. आंबोळीचं पीठ आंबट असलं तरी दोन-तीन मिनिटांत त्याचं काही बिघडत नाही.

घावन घालण्यापूर्वी तेल लावायचं ते नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कापलेल्या कांद्याने. दोन्हींचा गुण हा की तेल थोडंच आणि सारखं लागतं. तेलाचं तळं साचलं तर पीठ तव्याला न धरता घसरतं आणि जाळीऐवजी तळल्याचे डाग पडतात. कांदा तव्यावरून फिरताना आपला रस सोडून तवा जरासा निववतोही, शिवाय वास देतो.

सकाळचा क्रम

आंबोळ्या करायच्या असतील तर पीठ आदल्या रात्री वाटून ठेवावं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत आठ तासांत ते फुगतं. पुण्याच्या थंडीत जास्त वेळ लागतो, आणि परदेशातल्या हिवाळ्यात बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवण्याची युक्ती बरेच जण वापरतात. सकाळी सगळ्यांत आधी तवा समतल करून पेटवावा. तो तापेपर्यंत ओल्या खोबऱ्याची चटणी वाटून होते. काळ्या वाटाण्यांचं सांबारं असेल तर ते आत गॅसवर उकळत असतं. तव्याचा नकाशा बघून कडेला थालीपिठं आधी लावावीत, कारण त्यांना वेळ लागतो. मग आंबोळ्या, आणि मंडळी बसल्यावर मधल्या जागेत घावनं. उतरवलेली घावनं ताटात एकावर एक रचली की खालच्यांना घाम सुटून ती गिचगिचीत होतात. चौघडी घालून बांबूच्या टोपलीत किंवा जाळीवर सुटी ठेवावीत. सगळं झालं की तवा गरम असतानाच खरवडून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावा. पोलाद उघड्यावर एका रात्रीत गंजतं.

इतकं करूनही काही बिघडलं तर लक्षणं बघून निदान करता येतं. घावन चिकटून फाटतंय, तर तवा कमी तापलाय किंवा त्याची कातडी अजून तयार नाही. पीठ पडताच विस्कटून पळतंय, तर तवा जास्त तापलाय. पाण्याचा एक हबका पुरे. एक कड जाड येतेय, तर उतार आहे. पहिला घाणा चांगला आणि दुसरा फिका, तर मध्ये तव्याला सावरायला वेळ दिला नाही. आधीची पातळ आणि नंतरची जाड होताहेत, तर पीठ ढवळलं गेलं नाही. यांतल्या एकाही दुखण्यावर पिठात काही घालणं हा इलाज नाही. त्यामुळे पिठात पाणी किंवा रवा घालण्याआधी त्याच पिठाचं एक घावन तव्याच्या दुसऱ्या भागात घालून बघावं. तिथे ते नीट सुटलं आणि जाळी पडली, तर पीठ ठीक आहे, बर्नरचं बटण फिरवायला हवं. कुठेच जमलं नाही, तर मग खुशाल पिठाकडे वळावं.